नऊ संध्याकाळचा ताप

बोरवाडी, पो. घारगाव,
ता. संगमनेर
रविवार, ११ मार्च १९७३

रोझीताई हिस,
मेरीचा सलाम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही तशीच असशील असं पुढे लिहायची रीत आहे, पण तू ठीक नाहीस हे तुझ्याच पत्रावरून कळलं, म्हणून ते लिहीत नाही.

इकडची हकिकत एकाच शब्दाची, दुष्काळ. गावची विहीर डिसेंबरातच तळाला गेली. आठवड्यातून दोनदा टँकर येतो आणि त्या दिवशी गावात भांडणं होतात. शाळेच्या पटावर एकसष्ट मुलं आहेत, पण येतात वीस-बावीस. बाकीची आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर जातात. सुकडी वाटायची असली की मात्र सगळा पट भरतो. आमचे हे त्याच कामावर मुकादम आहेत. दिवसभर उन्हात उभं राहून घसा बसला आहे. रेशनवर मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, मिळते. तिची भाकरी थापताना हातातच तुटते, पण पोटात जाते. शेजारच्या छबूबाईची तुला आठवण असेल, आईच्या मातीला तिनेच सगळ्यांना चहा केला होता. माझं पाणी अजून तीच भरते.

तू लिहिलंस, "आता तुझी पाठ अगदी बरी असेलच." त्या 'असेलच'वर मी दोन दिवस थांबले. तर ऐक. मी चालते. उभी राहून शिकवते. वाकता येत नाही. खाली पडलेला खडू मुलं उचलून देतात. जमिनीवर बसता येत नाही, म्हणून देवळात सगळे बसून प्रार्थना करतात तेव्हा मी मागे भिंतीला टेकून उभी असते. नव्या पाळकसाहेबांना आधी वाटलं, बाई गर्विष्ठ आहेत. कमरेचे दोन मणके आता एक झाले आहेत. मधली गादी राहिलीच नाही. डॉक्टर म्हणतात, एक झाले हे चांगलं झालं, आता दुखणार नाही. खरंच फारसं दुखत नाही.

ईस्टरला येते म्हणालीस. त्याचं शेवटी लिहिते.

आणि रूथचं लिहिलंस. "ज्या रूथबरोबर मी सहा वर्षं एका खोलीत राहिले तिनेच माझा गळा कापला. निनावी पत्र तिनेच लिहिलं, पुण्याच्या पोस्टाचा शिक्का आहे, आणि वॉर्डातली ती गोष्ट तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. हॉस्पिटलची बेअब्रू केली म्हणून एकोणीस तारखेला मेट्रनबाईंपुढे तिची चौकशी आहे. तिला काढतील आणि काढलंच पाहिजे. मेरी, तू माझ्यासाठी प्रार्थना कर."

'वॉर्डातली ती गोष्ट' म्हणजे कोणती, हे तू लिहिलं नाहीस. मला विचारायचं कारण नाही, पण तू लिहायला हवं होतंस.

रूथबद्दल मला काही सांगायचं आहे. आधी दुसरं सांगते. ताई, तुला फक्त पुण्यातलं ठाऊक आहे. तिथून एस. टी. हलल्यावर काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस, आणि मीही कधी सांगितलं नाही.

मी ऑपरेशनला भीत होते, तेव्हा तूच लिहिलं होतंस, "माझ्या हॉस्पिटलात ये. मी असताना तुला कसली भीती?" मी त्या एका ओळीवर आले. वर्षभर डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पेटलेला असायचा. फळ्यावर लिहिताना मी खुर्ची धरायची. एकाहत्तरच्या नोव्हेंबरात नऊ तारखेला ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पायातली आग गेलेली. मी रडले, आठवतं? तू माझी वेणी घातलीस, ओल्या फडक्याने पाठ पुसलीस, घरून आणलेली पेज चमच्याने भरवलीस. त्या दोन आठवड्यांचं मी आजही नाकारत नाही. आईनेसुद्धा तेवढं कधी केलं नसेल.

टाके काढले, जखम स्वच्छ होती. नंतर पंधराव्या दिवशी दुपारी कुशीवर वळताना कमरेत काहीतरी असं उठलं की मी ओरडले. पायात नाही, कमरेत, अगदी आत. त्यानंतर शेजारून कुणी खाटेला धक्का लावला तरी पाठ आवळून लाकूड व्हायची. मी सांगितलं. ऑपरेशन करणाऱ्या तुमच्या सरांनी जखम पाहिली, दाबली, म्हणाले, "बाहेरून तर उत्तम आहे." मग पडद्यापलीकडे त्यांनी तुला विचारलं आणि तू म्हणालीस, "सर, लहानपणापासून ती अशीच आहे. काटा टोचला तरी गाव गोळा करायची."

मी ते ऐकलं. तुला वाटलं असेल, मी झोपले आहे.

लहानपणी मी रडकी होते हे खरं. आप्पा गेले तेव्हा तू चौदाची, मी आठची. तू रडली नाहीस, मी महिनाभर रडले. तेव्हापासून घरात ठरून गेलं की रोझी घट्ट आणि मेरी रडकी. पण ताई, मी आठ वर्षांची होते.

संध्याकाळी अंगात कसकस असायची. तू थर्मामीटर लावायचीस, खिडकीपाशी नेऊन उजेडात बघायचीस आणि झटकून टाकायचीस. मी विचारायची, "किती आहे गं?" तू म्हणायचीस, "काही नाही, नॉर्मल." आणि मग माझ्या कपाळावर हात ठेवायचीस. नॉर्मल माणसाच्या कपाळावर इतका वेळ हात कशाला ठेवायचा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

लढाई सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खिडक्यांना काळे कागद लागले, खाटा मोकळ्या करा असा हुकूम आला, आणि मला घरी पाठवलं. शिवाजीनगरच्या स्टँडवर तू मला उशी दिलीस. ह्यांना म्हणालीस, "शमुवेलराव, हिला उठवत-चालवत राहा. झोपून राहिली तर लुळी पडेल." खेडच्या घाटात प्रत्येक वळणाला मी ह्यांच्या दंडाला नखं लावत होते. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "बाळंतीन हाय का?" ह्यांनी लाजून मान डोलावली. बायकोचं मन कच्चं आहे, हे परक्या बाईला कसं सांगणार?

आठवड्यात तुझं पत्र आलं. माझ्या नावे नव्हतं, ह्यांच्या नावे होतं. ते अजून आमच्या पेटीत आहे. मला पाठ आहे.

"सरांचं मत पडलं की दुखणं शरीराचं नसून मनाचं आहे. तिचे लाड करू नका. ओरडली तरी लक्ष देऊ नका. रोज थोडं जास्त चालवा. आईलाही हेच वाचून दाखवा."

ह्यांनी ते आईला वाचून दाखवलं. मी आत खाटेवर होते, खोलीला दार नाही, सगळं ऐकलं.

ताई, त्यानंतरचे सहा आठवडे मी कुणालाच सांगितलेले नाहीत. सकाळी हे मला काखेत हात घालून उठवायचे. आई समोर उभी राहून म्हणायची, "ऊठ बाई, ऊठ. रोझी काय येडी हाय का? ती रोज असली शंभर मानसं बघती." घरापासून कडुलिंबापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. हे मोठ्याने पावलं मोजायचे. आज पंधरा, उद्या वीस. मी ओरडले तर ते आणखी मोठ्याने मोजायचे. त्यांनी कधी मला मारलं नाही, वाईट शब्द बोलले नाहीत. ते आज्ञाधारक होते, एवढंच. मोजताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी ते थांबत नव्हते, कारण नर्सबाईंनी लिहिलं होतं.

मी आधी ओरडायची. मग उशी तोंडात धरायला शिकले. ओरडले की सोंग, गप्प राहिले की बघा सुधारतेय. दोन्हीकडून तूच खरी ठरत होतीस.

आणखी एक लिहिते, ते सगळ्यांत वाईट. एका दुपारी मला वाटलं की तुझंच खरं असेल. दुखणं नसेलच, मीच ते तयार करत असेन. मी देवाला म्हटलं, माझं मन खराब असेल तर ते दुरुस्त कर. हाडात पू झालेली बाई मन दुरुस्त करून मागत होती.

(सोमवार, संध्याकाळ)

काल इथवर लिहिलं आणि टँकर आला, सगळं तसंच ठेवून उठले. आज शाळा सुटल्यावर पुढे लिहिते.

मला सोंगातून सोडवलं छबूबाईने. जानेवारीत ती ताक घेऊन आली. ठेवताना तिचं ढोपर खाटेला लागलं. मी आवाज केला नाही, पण तिने माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि तशीच बाहेर जाऊन ह्यांना म्हणाली, "मुकादम, ह्ये सोंग न्हाई. सोंग करनारं मानूस कुनी बघतंय का ते बघून कण्हतं. ही तर उशी चावती. आन् अंगाला हात लावून बघा, तव्यावानी हाय."

हे म्हणाले, "माझी मेव्हणी नर्स आहे."

छबूबाई म्हणाली, "असंल. म्या न्हाई. पर माझ्या हाताला चटका बसला तो खोटा हाय का?"

त्या संध्याकाळी आईने चार घरं पुढे जाऊन पाळकसाहेबांच्या घरचा थर्मामीटर आणला. तो तिला वाचता येत नव्हता. ह्यांनी वाचला. एकशे एक. हे तिथेच उंबऱ्यावर बसले.

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन उरकून गुरुजींनी शाळेचा मोठा लाकडी फळा उतरवून दिला. त्यावर गोधडी घालून मला बांधलं. घारगावपर्यंत गावातल्या रंगनाथची बैलगाडी, तिथून कांद्याचा ट्रक, आळेफाट्यावरून नगर. टाकळी ढोकेश्वरच्या पुढे मी बेशुद्ध झाले. ते बरंच झालं.

नगरला देठे डॉक्टरांनी तपासलं. एका बोटाने कमरेवर टिचकी मारली आणि माझा चेहरा पाहिला. फोटो काढला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली फट गेलेली, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. आधी त्यांना क्षयाची शंका होती. मग सुई घालून पाहिलं. चमचाभर पू निघाला. तो पुढे तपासायला गेला आणि उत्तर आलं, क्षय नाही, ऑपरेशनच्या जखमेतून जातात तेच जंतू. गादीत जाऊन बसलेले. बाहेरची जखम नीट भरली आणि आत हे चालू होतं.

हे डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, चूक कुणाची?"

डॉक्टर म्हणाले, "जंतू आत गेले ही कुणाची चूक नाही. शंभरात एखाद्याला होतं. माझ्या हातूनही झालंय. पण सुरुवातीला ताप आला असणार. तेव्हाच धरलं असतं, झोपवून ठेवलं असतं, इंजेक्शनं दिली असती, तर कदाचित हाडापर्यंत गेलं नसतं. तुम्ही काय केलंत घरी?"

हे म्हणाले, "चालवलं."

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. ते रागावले असते तर ह्यांना सोपं गेलं असतं.

मग काखेपासून मांडीपर्यंत प्लास्टर. चार महिने नगरला खाटेवर, दोन्ही कुल्ल्यांवर इंजेक्शनांची जागा उरली नाही. बेडपॅन, अंगावर व्रण, प्लास्टरच्या आत घामाने सुटलेली खाज, हे तुला सांगायला नको, तू नर्स आहेस. आई माझ्याजवळ राहिली. रोज माझे पाय चोळायची आणि म्हणायची, "म्याच तुला उठवली गं. माझ्या हातानं उठवली." मी सांगायची, आई, तुला काय माहीत होतं. ती तेवढ्यापुरती गप्प व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता ते सांगते, ज्याच्याभोवती मी दोन दिवस फिरते आहे.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात देठे डॉक्टरांनी तुमच्या सरांना पत्र लिहून माझे कागद मागवले. सर भला माणूस असावा, त्यांनी मूळ कागदच रजिस्टरने पाठवले, पाहून परत करा म्हणून. डॉक्टर माझ्या खाटेशी बसून ते चाळत होते. एका कागदापाशी थांबले. मी विचारलं, काय आहे? त्यांनी तो माझ्यापुढे धरला. तापाचा तक्ता. पंचवीस नोव्हेंबर ते तीन डिसेंबर, नऊ संध्याकाळ. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नऊ वेळा तेच. पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ. आणि प्रत्येक चौकोनाखाली तुझी आद्याक्षरं.

डॉक्टर म्हणाले, "थर्मामीटर भिंतीला लावला तरी थोडा वरखाली होतो. हे कुणी लिहिलंय?"

मी म्हटलं, "असेल कुणी सिस्टर."

मी बारा वर्षं मुलांच्या वह्या तपासते, ताई. न मोजता उत्तर लिहिलं की ते कसं दिसतं ते मला कळतं. आणि तुझं अक्षर मला आप्पांच्या पाटीपासून ठाऊक आहे.

त्याच क्षणी मला आणखी एक आठवलं. त्या नऊ दिवसांतल्या एका संध्याकाळी मी ग्लानीत होते. रूथचा आवाज आला, "रोझी, शंभरच्या वर आहे. लिही ना." आणि तुझा, "उद्या उतरेल. दोन केसेस आधीच चिघळल्यात, सर भडकलेत. वॉर्डच्या मोठ्या बाई रजेवर असताना तिसरी माझ्याच हाताखाली? आणि तीही माझी बहीण?" मला तेव्हा वाटलं, दुसऱ्या कुठल्या खाटेबद्दल बोलत आहात. बहीण हा शब्द ऐकूनही मला कळलं नाही. माझ्या बाबतीत तू असं करशील हे माझ्या कल्पनेतच नव्हतं.

तुला वाटलं असेल, उद्या उतरेल. मग परवा. तिसऱ्या दिवशी खरं लिहायचं तर आधीचे दोन दिवस खोटे ठरले असते. मी हे समजू शकते. समजते म्हणून माझा मणका परत येत नाही.

पण घरी तू जे पत्र पाठवलंस ते मला समजत नाही. तक्ता खोटा लिहिलास तो सरांच्या भीतीने. ते पत्र कुणाच्या भीतीने लिहिलंस? तुझा हात माझ्या कपाळावर होता. ताप होता हे तुला माहीत होतं. तरी तू लिहिलंस, ओरडली तरी लक्ष देऊ नका.

मी हे कुणाला बोलले नाही. ह्यांना नाही, डॉक्टरांना नाही. ऑगस्टात प्लास्टर निघालं, पट्टा आला, मी दारापर्यंत चालू लागले आणि आईने अंथरूण धरलं. शेवटच्या आठवड्यात एकदा तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "खरं सांग मेरी. रोझीला ठावं हुतं का गं, तुला ताप हाय म्हनून?"

मी म्हटलं, "नाही आई. तिला कसं ठाऊक असणार? तिलाही तसंच वाटलं."

आई म्हणाली, "मंग बरं." आणि तिने डोळे मिटले. चार दिवसांनी गेली.

ते खोटं मी आईसाठी बोलले. तुझ्यासाठी नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तू मातीला आलीस, दोन दिवस राहिलीस. लोक भेटायला येत होते. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते, बसता येत नव्हतं म्हणून. ओसरीवर तू बायकांना सांगत होतीस, "मेरीच्या आजारपणाने आई खंगली. सहा महिने तिचं हागणं-मुतणं काढलं म्हातारीने. मेरीचा स्वभावच असा, सगळ्यांना ओढून घेते." कुणीतरी म्हणालं, "तुमी जवळ पायजे हुत्या." तू म्हणालीस, "मी काय काय करू?"

तू गेल्यावर आठ दिवसांनी मी ते पत्र लिहिलं.

होय ताई. निनावी पत्र मी लिहिलं. रूथने नाही.

वहीच्या कागदावर, डाव्या हाताने, नऊ संध्याकाळींच्या तारखा घालून. मेट्रनबाईंना लिहिलं की जुना तक्ता काढून पाहा आणि त्या रुग्णाचं पुढे काय झालं ते नगरला विचारा. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, फक्त खाली नाव नव्हतं. घारगावचा किंवा संगमनेरचा शिक्का बसला असता तर तू लगेच ओळखलं असतंस. म्हणून मच्छिंद्र कंडक्टर पुण्याच्या गाडीवर असतो, त्याच्याकडे दिलं आणि शिवाजीनगरच्या पेटीत टाकायला सांगितलं. मला माझी ही हुशारी त्या दिवशी आवडली होती. घरी येऊन मी पोटभर जेवले.

तुझी बढती गेली, तुला ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं, हे नाताळात कळलं. मला आनंद झाला. खोटं लिहीत नाही. दोन दिवस झाला. मग तो संपला आणि त्याच्या जागी काही आलं नाही. तेव्हाच मी पुढे होऊन सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, झालं ते झालं, कुणाचं काही अडलेलं नाही.

गुरुवारी तुझं पत्र आलं तेव्हा कळलं की अडलं आहे. मी पुण्याचा शिक्का मिळवला आणि त्या शिक्क्याने रूथला धरलं. त्या वॉर्डात तिने एकटीने तुला म्हटलं, लिही ना. तुला तिच्या अंगावर जायला कारण मिळालं, कारण ती खरं बोलली होती हे तुला आठवत होतं. तुम्ही दोघींनी सहा वर्षं एका स्टोव्हवर स्वयंपाक केला. तिला घर नाही, आईबाप नाहीत, ती क्वार्टर हेच तिचं घर. आणि तू मला लिहितेस, प्रार्थना कर.

मी प्रार्थना केली नाही. मेट्रनबाईंना दुसरं पत्र लिहिलं. उजव्या हाताने. त्यात माझं नाव आहे, शाळेचं नाव आहे, देठे डॉक्टरांचा पत्ता आहे, आणि पहिलं पत्र माझं होतं, रूथ साळवे हिला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं, हे आहे.

तुझं हे पत्र उद्या मंगळवारी टपालात पडेल. मेट्रनबाईंचं बुधवारी. म्हणजे तुला एक दिवस आधी कळेल. त्या दिवसात तू स्वतः जाऊन रूथला सांगू शकतेस, आणि वाटलं तर मेट्रनबाईंनाही. सांगितलंस तर ते तुझ्या तोंडून निघालेलं असेल, माझ्या पत्रातून नाही. तू माझे नऊ दिवस लपवलेस. मी तुला एक देते आहे. याहून जास्त माझ्याकडे नाही.

ह्यांना मी आज दुपारी सगळं सांगितलं. तक्त्याचं, आईला सांगितलेल्या खोट्याचं, निनावी पत्राचं. ते पाझर तलावावरून जेवायला आले होते, भाकरी तशीच राहिली. म्हणाले, "म्हणजे मी मोजत होतो तेव्हा तिला ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. ते उठून कामावर गेले. गेले वर्षभर ते दिवसातून दहादा मला विचारतात, दुखतंय का? मला ते ऐकवत नव्हतं. आज जाताना त्यांनी विचारलं नाही.

आता ईस्टरचं. आईची कबर इथे आहे. तिच्याकडे यायला माझी परवानगी लागत नाही, केव्हाही ये. तिच्याशी काय बोलायचं ते तू ठरव. मी तिला सांगितलेलं खोटं तसंच राहू दे, एवढं माझं मागणं आहे. ती ते घेऊन शांत गेली.

माझ्या घरात यायचं असेल तर रूथला भेटून ये. क्षमेचं मी काही लिहीत नाही. देवळात दर रविवारी तो शब्द म्हणते, पण तुझं नाव त्यात घालायला जाते तेव्हा आवाज निघत नाही. निघाला की कळवीन. नाही निघाला तरी खोटं कळवणार नाही.

तब्येतीला जप. संध्याकाळी अंग कसकसत असेल तर थर्मामीटर लाव आणि जे दिसेल ते लिही.

लाडकी वगैरे न म्हणता,
तुझी बहीण,
मेरी